ओमानहून ओमानला

"आज बोट नहीं जाएगी, बाबाजी. हवा बहुत है," तिकीटखिडकीतला ओमानी तरुण माझ्या बाबाला म्हणाला.

मस्कतच्या मत्रा बंदरावर आम्ही दोघं उभे होतो. शुक्रवारची सकाळ, नुकतंच उजाडलेलं. धक्क्याला बांधलेली पांढरी फेरीबोट जागच्या जागी जोरात डोलत होती. आदल्या दिवशीची फेरीही वाऱ्यापायी रद्द झाली होती आणि उद्या सकाळी या, असं सांगून आम्हाला परत पाठवलं होतं.

मला मनातून बरंच वाटलं. एवढ्या पहाटे उठून निघायचा मला कंटाळा आला होता. "चल बाबा, घरी जाऊ," मी म्हटलं. "मस्त पोहे करते. खसब काही पळून जात नाही. पुढच्या महिन्यात जाऊ."

"पुढच्या महिन्यात नको," बाबा म्हणाला आणि परत खिडकीकडे वळला. "विमान जातं ना तिकडे?"

खसब हे ओमानमधलंच गाव, पण ओमानपासून तुटलेलं. अगदी उत्तरेला, होर्मुझच्या सामुद्रधुनीच्या तोंडाशी डोंगरांचा एक तुकडा आहे, आणि तो तुकडा आणि उरलेला ओमान यांच्या मध्ये अमिरात येते. उंच बोडके कडे थेट समुद्रात उतरलेले, त्यांच्यामधून आत शिरलेल्या खाड्या, आणि खाड्यांत डॉल्फिन. दुबई-शारजाकडचे लोक सुट्टीला तिथं गाडीनं किंवा टूरच्या बसनं जातात. मस्कतचे लोक बोटीनं, नाहीतर विमानानं. लाकडी बोटीत बसून दिवसभर खाडीत फिरायचं, डुंबायचं, आणि परत यायचं. महिनाभरापूर्वी जेवता जेवता बाबानं अचानक जाहीर केलं होतं की आपण दोघं खसबला डॉल्फिन बघायला जाऊ या. मला आश्चर्य वाटलं होतं. माझा बाबा, दिनकर रेगे, मस्कतमधल्या एका इस्पितळात फार्मासिस्ट होता. ढग दिसले की सहल रद्द करणारा, गॅस बंद केलाय ना हे बघायला अर्ध्या वाटेवरून परत फिरणारा माणूस. आई गेल्यापासूनच्या चार वर्षांत आम्ही सुट्टीसाठी म्हणून कुठं गेलोच नव्हतो. तो जाऊ म्हणतोय तर जावं, एवढाच विचार करून मी हो म्हटलं होतं.

आणि आता बोट नाही म्हटल्यावर सुटकेचा श्वास टाकायचा सोडून तो विमानाची चौकशी करत होता.

विमान एकच होतं आणि ते भरलेलं होतं. तरी आम्ही विमानतळावर गेलो. ऐन वेळी कुणी आलं नाही तर जागा मिळेल, असं तिथल्या बाईंनी सांगितलं, म्हणून बाबा काउंटरसमोर उभा राहिला. खुर्ची रिकामी असूनही बसला नाही. नवा आकाशी शर्ट, कडक इस्त्री, बूट पुसलेले. डॉल्फिन बघायला एवढा नटून कोण जातं, असं मी त्याला विचारलंही. तो नुसता कॉलर चाचपत राहिला. शेवटी ऐन वेळी न आलेल्यांच्या जागी दोन सैनिक गेले आणि दार बंद झालं.

"झालं तर मग," मी म्हटलं.

"गाडीनं जाता येतं," बाबा म्हणाला. "मी विचारून ठेवलंय. सोहारवरून वर जायचं, सीमा ओलांडायची, फुजैरा, रास अल खैमा, मग परत सीमा ओलांडायची. ओमानमधून बाहेर, अमिरातीत आत, अमिरातीतून बाहेर, पुन्हा ओमानमध्ये आत. पासपोर्ट असू देत जवळ म्हटलं होतं ना तुला, ते ह्यासाठीच."

"चार शिक्के? एका देशातून त्याच देशात जायला?"

"हो."

"आणि चालवणार कोण?"

बाबाला गाडी चालवता येत नव्हती. म्हणजे येत होती, पण ओमानच्या परवान्याच्या परीक्षेत दर वेळी नापास होऊन होऊन त्यानं तो नाद सोडून दिला होता. आमच्या घरची गाडी आधी आई चालवायची. ती गेल्यावर मी चालवायला लागले.

"केतू," तो म्हणाला, "मी तुझ्याकडे कधी काही मागितलंय का?"

नव्हतं मागितलं. मी किल्ली काढली.

*

रस्ता सरळ होता. उजव्या हाताला कधी दिसणारा, कधी खजुरांच्या बागांआड जाणारा समुद्र, डाव्या हाताला दूर डोंगर. वारा गाडीला बाजूनं ढकलत होता आणि रस्त्यावरून वाळू धुरासारखी वाहत होती. बाबा शेजारी बसून पाट्या मोठ्यानं वाचत होता, ही त्याची जुनी सवय. बरका. सुवैक. साहम. मधेच मोबाइल काढून बघत होता आणि परत खिशात ठेवत होता.

"उशीर झाला तर काय होईल?" मी विचारलं.

"कशाला?"

"खसबला. रात्री पोचलो तरी डॉल्फिन काही कुठं जात नाहीत. उद्या सकाळी बघू."

"उद्या नको. आज संध्याकाळच्या आत पोचायला हवं," तो म्हणाला. मग उगाचच, "सोहारला पेट्रोल घेऊ या."

ओमानच्या सीमेवरची खिडकी लवकर आटपली. शिक्का बसला आणि आम्ही पुढे अमिरातीच्या ठाण्यावर गेलो. तिथं व्हिसाही मिळाला. बाबाच्या हुद्द्यावर त्याला मिळाला, त्याची मुलगी म्हणून मला. अडलो ते गाडीपाशी. आमचा विमा फक्त ओमानपुरता होता. अमिरातीत गाडी चालवायची तर तिथला विमा तिथंच काढायचा, आणि विम्याच्या खिडकीवरचा माणूस आमच्या डोळ्यांदेखत शटर खाली ओढून नमाजाला निघून गेला. शुक्रवारची दुपारची नमाज. आता ती संपेपर्यंत कुणी येणार नव्हतं.

पत्र्याच्या शेडखाली गाडी लावून आम्ही बसलो. बाबानं डब्यातून पोळीभाजी काढली. मी खाल्ली. त्यानं नुसता घास हातात धरला. मोबाइल वाजला तसा त्यानं तो घाईघाईनं काढला, वाचला, आणि एका बोटानं उत्तर टाइप करायला लागला. एकेक अक्षर शोधून.

"बाबा, कोण आहे?"

"कुणी नाही."

"तू सकाळपासून कुणालातरी मेसेज करतोयस. बोट नाही म्हटल्यावर केलास, विमान गेल्यावर केलास. खसबला काय आहे, खरं सांग."

त्यानं घास डब्यात परत ठेवला. काचेतून समोर बघत राहिला. समोर एका ट्रकमध्ये शेळ्या होत्या, त्यांच्याकडे.

"शरयू खानोलकर म्हणून एक बाई आहेत," तो म्हणाला. "रास अल खैमाला असतात. शाळेत खेळाच्या शिक्षिका आहेत. गेल्या वर्षी दुबईला मराठी मंडळांचं संमेलन झालं, तेव्हा भेटल्या. आपल्या मस्कत मंडळाच्या नाटकाचं सामान उतरवायला मदत करताना त्यांचा पाय मुरगळला. मी पट्टी बांधून दिली, आठ दिवस पाय टेकू नका म्हटलं. चौथ्या दिवशी कसं आहे विचारायला फोन केला तर बाई धावायला गेलेल्या! मी काही बोललो, तर माझ्यावरच ओरडल्या. पाय माझा आहे म्हणाल्या."

"मग?"

"मग मी पुन्हा फोन केला. मग त्यांनी केला. तेव्हापासून चालू आहे."

गाडीत उकडत होतं. मी काच खाली केली, तर वाळू आत यायला लागली, म्हणून परत वर केली.

"लग्न करणार आहात तुम्ही?"

"ते विचारायचंय."

"म्हणजे अजून विचारलंच नाहीयेस?"

"फोनवर विचारायची गोष्ट आहे का ती?" बाबा म्हणाला. "त्यांची नोकरी संपली. परवा रविवारी त्या कायमच्या वेंगुर्ल्याला चालल्या आहेत. तुमच्या ओमानात सुट्टी गुरुवार-शुक्रवार, आमच्याकडे शुक्रवार-शनिवार, म्हणजे दोघांना मिळून शुक्रवारच, असं त्याच म्हणाल्या. मस्कतला यायला तयार नव्हत्या, मला त्यांच्या घरी बोलवायलाही तयार नव्हत्या. म्हणाल्या, जिथं दोघंही पाहुणे असू तिथं भेटू. आज त्या शाळेतल्या बायकांबरोबर टूरच्या बसनं आल्या आहेत. बस संध्याकाळी परत जाते."

"मग वेंगुर्ल्याला जाऊन विचार. पुढच्या महिन्यात रजा काढ."

"मी जाईन असं तुला वाटतं?" त्यानं पहिल्यांदाच माझ्याकडे वळून बघितलं. "मला मी माहीत आहे, केतू. पुढच्या महिन्यात जाऊ म्हणेन. मग पावसाळा संपल्यावर. मग दिवाळीत. मग राहूनच जाईल. आज निघालोय तर आजच."

"आणि मला हे आत्ता सांगतोयस," मी म्हटलं. "सीमेवर. गाडी मी चालवतेय, आणि कुठं चाललोय ते मला माहीत नाही."

"त्यांनी मला बजावलं होतं, मुलीला सांगून आणा, न सांगता येणार असाल तर येऊ नका. मी बोटीत सांगणार होतो. बोटीत पाच-सहा तास मिळतात. सगळं कसं बोलायचं ते ठरवलं होतं." त्याचा आवाज बारीक झाला. "बोटच गेली नाही."

दुसरी कुठली वेळ असती तर मी हसले असते.

"आईचं काय?" मी विचारलं. मला तसं विचारायचं नव्हतं, पण तोंडातून तेच आलं.

"तिचं काय म्हणजे? ती आहेच," बाबा म्हणाला. "रोज सकाळी चहा करताना असते, पाट्या वाचताना असते. ती कुठं जायची नाही. पण गेल्या चार वर्षांत आपल्या घरात कुणी मोठ्यानं बोललेलं आठवतंय तुला? तू माझ्याशी जपून बोलतेस. मी तुझ्याशी जपून बोलतो. भाजीत मीठ नसलं तरी छान झालीय म्हणतो आपण. मी दमलोय, केतू, छान झालीय म्हणून म्हणून."

मग डबा बंद करत म्हणाला, "आणि तू हॉलंडला होकार कळवलेला नाहीस."

नेदरलँड्सच्या एका विद्यापीठात मला प्रवेश मिळाला होता. जलव्यवस्थापनाचा अभ्यासक्रम, शिष्यवृत्तीसकट. मी ह्याच एका गोष्टीसाठी दोन वर्षं झटले होते. आणि प्रवेश मिळाल्यावर ते पत्र तसंच ठेवून दिलं होतं, कारण रात्री कामावरून येऊन बाबा एकटाच टेबलाशी बसलाय हे चित्र डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. प्रवेश मिळाल्याचं बाबाला माहीत होतं, पण होकार अडकलाय हे मी त्याला बोलले नव्हते.

"तुला कसं कळलं?"

"दर वेळी विचारलं की तू विषय बदलतेस. तुझ्या आईची सवय." तो जरासा हसला आणि लगेच गंभीर झाला. "पण एक लक्षात ठेव. तू मोकळी व्हावीस म्हणून मी हे करतोय, असं नाही. तसं समजू नकोस. हे मला हवंय. माझ्यासाठी."

मी दार उघडून खाली उतरले.

*

शेडच्या टोकाशी एक ओमानी कुटुंब चटई अंथरून बसलं होतं. मी त्यांच्याजवळून पुढे कुंपणापर्यंत गेले आणि तिथंच उभी राहिले. मागे ओमान, पुढे अमिरात. गाडी वळवून घरी जाणं अगदी सोपं होतं. बाबा एका शब्दानंही अडवणार नाही, हे मला माहीत होतं. तो आयुष्यभर पाट्या वाचत शेजारी बसत आला होता. मी जिथं नेईन तिथं आला असता, आणि घरी पोचल्यावर पोह्यांना छान झालेत म्हणाला असता.

मला राग आला होता. खूप आला होता. कुणावर, ते मात्र कळेना. त्या बाईंवर येईना, कारण त्यांना मी बघितलंही नव्हतं, आणि मुलीला सांगून आणा म्हणणाऱ्या त्यातल्या त्यात त्याच होत्या. बाबावर यावा, तर एका बोटानं मेसेज टाइप करणारा बाबा डोळ्यांपुढे येत होता. विमानतळावर खुर्ची सोडून ताठ उभा राहिलेला. मला आठवेना, ह्याआधी त्यानं कधी एखादी गोष्ट हवी म्हणून मागितली होती का. मला काय हवं, आईला काय हवं, हेच तो विचारत आला होता.

चटईवरच्या बाईनं मला हाक मारली. हातानंच खूण केली, बस. मी मान हलवून नको म्हटलं, तर ती उठून छोट्या कपात कावा, म्हणजे अरबी कॉफी, घेऊन आली. वेलदोड्याचा वास येत होता. मी तो उभ्यानंच प्यायले. तिनं परत भरला. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, ते तिनं बघितलं असणार, कारण माझ्या दंडावर दोनदा थोपटून ती काही न विचारता परत गेली.

मशिदीतून माणसं यायला लागली. शटर वर गेलं. मी लांबून बघितलं, तर बाबा गाडीची कागदपत्रं छातीशी धरून खिडकीपाशी पोचला होता आणि आतला माणूस त्याला काहीतरी विचारत होता.

जवळ गेले तेव्हा कळलं, "ड्रायव्हर कौन? लाइसेंस किसका?" असं तो विचारत होता. बाबा माझ्याकडे न बघता म्हणाला, "ज़रा रुकिए. पूछना पड़ेगा."

मी पर्समधून परवाना काढून खिडकीत सरकवला. "ड्रायव्हर मी," मी म्हटलं. मराठीतच म्हटलं, पण त्याला समजलं.

*

फुजैरा मागे पडलं, मग घाट लागला. डोंगर उतरल्यावर मीच विचारलं, "दिसतात कशा?"

"उंच आहेत. माझ्याहून."

"आणि?"

"केस आखूड. आवाज मोठा. मैदानावर असतो तसा." मग जरा वेळानं, "तुला आवडतील की नाही, सांगता येत नाही. मलाही आधी आवडल्या नव्हत्या."

मला हसू आलं आणि ते मी लपवलं नाही. रास अल खैमाच्या शहरातून जाताना तो काचेला नाक लावून बघत होता. "इथंच कुठंतरी शाळा असणार," तो म्हणाला. ज्या गावातून ती बाई सकाळी निघाली होती त्या गावातून आम्ही दुपारी चाललो होतो, तिच्याच मागोमाग.

दुसऱ्या सीमेवर गाड्यांची ही रांग! सुट्टीला निघालेली कुटुंबं, टपावर तंबू, मागे कोळशाच्या शेगड्या. रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती आणि ऊन कलायला लागलं होतं. बाबा पुन्हा पुन्हा मोबाइल बघत होता. दुपारनंतर उत्तर आलं नव्हतं. खाडीत कड्यांच्या आड मोबाइल लागत नाही, असं तो मला सांगत होता. मला की स्वतःला, कुणास ठाऊक. आणि मग म्हणाला, "नसेल जमत तर राहू दे, केतू. तू दमलीस. एवढं केलंस तेच खूप झालं."

"गप बस, बाबा," मी म्हटलं. चार वर्षांत मी त्याला पहिल्यांदा असं म्हटलं. तो चमकून माझ्याकडे बघायला लागला.

अमिरातीचा शिक्का बसला. थोडं पुढे ओमानची खिडकी. आतल्या अधिकाऱ्यानं पासपोर्ट उलटेपालटे करून बघितले. दुपारी ओमानमधून बाहेर पडलेले दोघं संध्याकाळी परत ओमानमध्ये शिरत होते, दुसऱ्याच टोकानं. त्यानं बाबाला इंग्रजीत विचारलं, खसबला कशासाठी चाललात?

बाबानं तोंड उघडलं. काहीच बाहेर आलं नाही. अधिकाऱ्यानं भुवया वर केल्या आणि पुन्हा विचारलं.

"फॅमिली," मी म्हटलं. "आमच्या घरच्या माणसांना भेटायला."

शिक्का बसला. बाबानं पासपोर्ट खिशात ठेवले. गाडीकडे येताना तो माझ्या एक पाऊल मागे चालत होता, आणि मी वळून बघितलं नाही, कारण तो डोळे पुसतोय हे मला कळत होतं.

पुढचा रस्ता कड्याच्या कुशीतून, समुद्राला घासून जातो. एका बाजूला हात लावता येईल असा डोंगर, दुसऱ्या बाजूला लाटा. वळणावळणावर तुषार काचेवर येत होते. बाहेरच्या समुद्राला अजून उधाण होतं, पण खसबच्या बंदरात शिरलो तर आत पाणी बऱ्यापैकी शांत. लाकडी बोटी परत आल्या होत्या. माणसं ओले टॉवेल खांद्यावर टाकून उतरत होती.

धक्क्याच्या तोंडाशीच एक बस उभी होती, इंजिन चालू. दारात उभ्या गाइडनं हात वर करून हाक मारली, "मॅडम, प्लीज! सब लोग बैठ गए हैं!"

"अरे, चप्पल सापडल्याशिवाय कशी येऊ? अनवाणी येऊ का?" खणखणीत आवाज आला. मराठीत.

धक्क्याच्या पायऱ्यांवर एक उंच बाई वाकून उभी होती. आखूड पांढरट केस ओलेचिंब, सलवार गुडघ्यापर्यंत भिजलेली, एका पायात चप्पल. ती पायऱ्यांखाली, दोरांच्या वेटोळ्यांत, जाळ्याखाली, सगळीकडे शोधत होती, आणि दर क्षणाला मान वर करून रस्त्याकडे बघत होती. बसमधून कुणी तरी बाई ओरडून म्हणाली, "शरयू, अगं किती वेळ!"

बाबा गाडीतून उतरला तो दाराला धरूनच उभा राहिला. तिनं त्याला बघितलं. कमरेवर हात ठेवले.

"काय हो रेगे, ही वेळ झाली?"

"वारा होता," बाबा म्हणाला.

"कळवलंत ते. मग कसे आलात?"

"गाडीनं. चार शिक्के." त्यानं माझ्याकडे हात केला. "ही केतकी. हिनं आणलं."

ती पायऱ्या चढून वर आली. तेव्हा मला दिसलं की तिच्या खांद्यावरच्या कापडी पिशवीतून दुसरी चप्पल अर्धी बाहेर डोकावत होती. मी बघतेय हे तिच्या लक्षात आलं. तिनं ती शांतपणे काढली, खाली टाकली आणि पायात घातली. एवढ्या मोठ्या बाईचे कान लाल झाले होते.

"बस थांबवायची म्हणजे काहीतरी करायला हवं होतं," ती मला म्हणाली. मग आवाज खाली आणून, "तुला सांगितलंय का ह्यांनी?"

"हो. सीमेवर."

"आज?"

"आज दुपारी."

"रेगे!" तिनं असं काही म्हटलं की बसमधले सगळे बघायला लागले. बाबानं मान खाली घातली. ती परत माझ्याकडे वळली. "हे बरोबर नाही. तुला विचार करायला वेळ मिळायला हवा होता. मी ह्या बसनं जाते. तू घरी जा, विचार कर. मला फोन करायचा असेल तर कर, नसेल तर नको. मी काही मनात धरणार नाही."

ती खरंच निघाली. बसच्या दिशेनं चार-सहा पावलं गेलीसुद्धा. बाबा जागचा हलला नाही. तिला हाक मारायला तो माझ्यासाठी थांबला होता, आणि ती थांबली असती तर तीही माझ्यासाठीच, हे मला त्या क्षणी स्वच्छ दिसलं.

"शरयूताई," मी म्हटलं, "आमच्या गाडीत जागा आहे. तुम्हाला घरी आम्ही सोडू. जाताना सीमेवर तशीही वाट बघावी लागते, तेव्हा कुणीतरी बोलायला हवंच."

ती थांबली. आधी माझ्याकडे नीट बघून घेतलं, शिक्षिका बघतात तसं, मुलगी खरं बोलतेय की नाही. मग बसच्या दारातल्या माणसाला म्हणाली, "आप जाइए, भय्या."

बस गेली. बंदर एकदम शांत झालं.

"बाबाला तुम्हाला काही विचारायचंय," मी म्हटलं. "मी खायला काही मिळतं का बघून येते."

रस्त्याच्या पलीकडे एकजण निखाऱ्यांवर मासे भाजत होता. मी तिथं उगाच वेळ काढला. मासा कुठला, मसाला काय, असं विचारत राहिले. मधूनमधून मागे बघत होते. ते दोघं धक्क्याच्या काठाशी बसले होते, मधे हातभर अंतर ठेवून. बाबा बोलत होता. बराच वेळ बोलत होता, दोन्ही हात हलवून. एवढं बोलताना मी त्याला कधी बघितलं नव्हतं. मग ती काहीतरी म्हणाली आणि बाबा हसला. लांबूनही ऐकू आलं.

मी मासे घेऊन पोचले तेव्हा ती म्हणाली, "मी हो म्हटलंय. पण त्यांना एक अट घातलीय."

"कसली?"

"पोहायला शिकायचं. समुद्रकाठी राहायचं आणि पाण्याला घाबरायचं, हे मला चालायचं नाही."

"वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी?" बाबा म्हणाला.

"मग काय साठाव्या वर्षी शिकणार?"

बाबानं बूट काढले. मोजे काढून नीट गुंडाळून बुटांत ठेवले. नव्या आकाशी शर्टासकट तो पायऱ्या उतरून गुडघाभर पाण्यात जाऊन उभा राहिला आणि ओरडला, "केतू, पाणी गार आहे गं!"

रविवारी शरयूताई ठरल्याप्रमाणे वेंगुर्ल्याला गेल्या. सोमवारी मी विद्यापीठाला होकार कळवला. मे महिन्यात बाबा एकट्यानं विमानात बसून गोव्याला उतरला, तिथून एसटी पकडून वेंगुर्ल्याला गेला. नोंदणी कचेरीत लग्न झालं. मी दोन दिवस मागाहून पोचले आणि साक्षीदार म्हणून सही केली, शरयूताईंच्या शाळेतल्या एका बाईंनीही केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मी ॲम्स्टरडॅमला उतरले. पहिल्या रात्री घरी फोन लावला तर मस्कतच्या घरातून इतका आरडाओरडा ऐकू येत होता की मला वाटलं काहीतरी झालं. झालं काहीच नव्हतं. शरयूताईंनी केलेल्या आमटीत मीठ जास्त पडलं होतं, आणि बाबानं ते तोंडावर सांगितलं होतं.